यिडाकी थांबल्यावर

२ जून

आज सासूबाई आल्या. सासूबाईंचं वय चौतीस, माझं अडुसष्ट.

नाव हेलेना. डार्विन शहरात राहतात, मोठ्या वाद्यवृंदासाठी संगीत लिहितात, उन्हात गेल्या की खेकड्यासारख्या लाल होतात. पूर्वी शिकायला म्हणून वर्षभर आमच्या गावात होत्या, तेव्हा माझ्या बायकोच्या आईने त्यांना बहीण मानलं. झालं. एका दुपारीत मला आणखी एक सासू मिळाली. आमच्यात जावयाने सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही. खऱ्या सासूच्या बाबतीत हा नियम मला नेहमी सोयीचाच वाटत आला, पण आज पंचाईत झाली. त्या कामाचं बोलायला आल्या होत्या.

मी पाण्याच्या टाकीमागे पाठ करून बसलो, त्या आंब्याखाली, आणि मधे ये-जा करायला माझा भाचा डेल्विन. निरोप असा की त्यांनी साठ वादकांसाठी एक रचना लिहिली आहे, ऑगस्टात डार्विनला होणार. त्यात यिडाकी हवी आणि ती डेल्विनने वाजवावी.

मी विचारलं, "आणि गाणार कोण?"

तो म्हणाला, "मामा, तुमच्याशिवाय कसं होईल?"

"तसं त्या म्हणाल्या?"

"तसंच म्हणाल्या समजा."

समजायचं काय त्यात? उघडच आहे. गोरे लोक यिडाकीला, म्हणजे आमच्या ह्या फुंकायच्या लांब पोकळ लाकडाला, डिजरिडू म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात, विमानतळावर विकत घेतात आणि घरी नेऊन भिंतीला टेकवून ठेवतात. पण यिडाकीवाला हा गाणाऱ्याचा साथीदार. गाणारा काठीवर काठी वाजवतो, सूर देतो, मग यिडाकी निघते. गाणारा सांगेल तिथे थांबते. नुसत्या यिडाकीला बोलावणं म्हणजे आचाऱ्याला घरी ठेवून पातेल्याला आमंत्रण देणं. सासूबाई वर्षभर इथे राहिल्यात, एवढं त्यांना कळत असणारच.

मी होकार दिला. डाफ्नी, म्हणजे बायको, चहा गाळता गाळता म्हणाली, "माझ्या आईला नीट सांभाळा तिकडे." आणि स्वतःच हसत बसली.

१४ जून

यिडाकीसाठी लाकूड शोधायला गेलो. डेल्विन खोडांवर कुऱ्हाडीच्या पाठीने टकटक करत फिरला, मी गाडीच्या सावलीत बसून देखरेख केली. वाळवीने आतून नीट पोखरलेलं झाड आवाजावरून कळतं. पूर्वी मीच ऐकायचो. आज दोनदा म्हटलं, "हे घे," तर तो म्हणाला, "हो मामा," आणि पलीकडचं तोडलं.

सासूबाईंनी फोनवर एक सूर पाठवला आहे, त्या सुराची यिडाकी हवी. ती झाली. शिवाय माझ्या गाण्यासाठी डेल्विनने एक वेगळी तोडली, चांगली खालच्या सुराची. गेली चार-पाच वर्षं ह्याच्या यिडाक्या खाली खाली चालल्या आहेत. मला उंच सुरात गायची सवय. विचारलं तर म्हणतो, "ओठ दुखतात मामा, खालचा सूर बरा पडतो."

बत्तिसाव्या वर्षी ओठ दुखतात. हल्लीच्या पोरांत दमच नाही.

२३ जून

समोरच्या घरातले म्हातारे गेले. गेलेल्याचं नाव आता घ्यायचं नाही. तीन दिवस गायलो. लोक लांबून लांबून आले होते.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, लिहूनच टाकतो. आमच्या गाण्यात शेवटाला यिडाकी थांबते. काठ्या थांबतात. मग गाणारा एकटा, कशाचाही आधार न घेता, शेवटची ओळ म्हणतो. ती ओळ उघडी असते. लहानपणी आम्ही त्या ओळीसाठीच बसून राहायचो. माझ्या बापाने ती सोडली की समुद्रसुद्धा ऐकतो आहे असं वाटायचं.

डेल्विनला हे पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. तरी तो थांबत नाही. मी खूण करतो, काठ्या थांबवतो, आणि हा आपला नाकाने श्वास घेत, गाल फुगवत, माझ्या ओळीवरून यिडाकी नेतच राहतो. ओळ संपली की मग थांबतो. मी चारचौघांत काही बोललो नाही, नंतर झापला.

"कान गेलेत का तुझे?"

"चुकलं मामा."

"दरवेळी कसं चुकतं?"

"लय लागली की भान राहत नाही."

बहीण, म्हणजे डेल्विनची आई, शेजारीच राहते. तिचं नाव मी घेत नाही आणि आम्ही समोरासमोर बोलत नाही. मोठ्या वयाच्या भावाबहिणींनी बोलू नये, ही रीत आहे. तिला माझ्यापर्यंत काही पोचवायचं असलं की ती तिच्या कुत्र्याला सांगते. कुत्र्याचं नाव टोयोटा. मी डेल्विनला झापत होतो तेव्हा ती कुंपणापलीकडे मोठ्याने म्हणाली, "टोयोटा, काही लोकांना छत्री धरली की ते म्हणतात ऊन का अडवलं."

कुत्र्याशी इतकं बोलणं बरं नव्हे.

४ ऑगस्ट, डार्विन

खोलीत एसी आहे, त्याने घसा धरला आहे. सकाळी न्हाणीघरात दार लावून वरचा सूर लावून बघितला. लागला नाही. एसीमुळेच.

सभागृहात गेलो. साठ माणसं, प्रत्येकासमोर कागद. एका मुलीने काळ्या बारीक नळीतून एकच सूर दिला आणि सगळ्यांनी तो घेतला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, गाणारी सापडली. डेल्विनला विचारलं तर म्हणाला, "नाही मामा, तिचं काम झालं आता."

मग विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस चौथऱ्यावर चढला. विकर्स त्याचं नाव. हातात काठी, आणि तीही एकच. ती कशावर आपटत नाही, नुसती हवेत हलवतो. स्वतः गात नाही, वाजवत नाही, पण सगळे त्याच्याकडेच बघतात. मला वाईट वाटलं. दुसरी काठी कुठेतरी हरवली असणार आणि सांगायला लाजत असणार.

मी खाली खुर्च्यांत बसलो होतो, अजून बोलावणं नव्हतं. मोठ्या माणसाला शेवटी बोलवतात.

सुरुवातच डेल्विनची. आधी नुसती यिडाकी, मग बाकीचे. विकर्सने काठी हलवली आणि डेल्विन गप्प. पुन्हा हलवली, हा इकडे तिकडे बघतोय. तिसऱ्यांदा सुरू झाला तो इतका उशिरा, की व्हायोलिनवाले पुढे निघून गेले. विकर्स मान खाली घालून उभा राहिला. वरच्या सज्जात कोणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला. सासूबाई असाव्यात, मी बघितलं नाही. मागे दोन माणसं कुजबुजत होती की मेलबर्नला एक जण आहे, तो कागदावरून वाजवतो, त्याला विमानाने आणता येईल.

पोराची अब्रू जाणार, आणि ती माझी अब्रू.

तेव्हा डेल्विनने यिडाकी पायावर आडवी ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "मला काठ्यांचा आवाज आल्याशिवाय सुरू करता येत नाही. माझा मामा वाजवतो तेव्हाच येतं. तो तिथे खाली बसलाय."

सगळ्यांनी वळून बघितलं. खरं सांगतो, छातीत भरून आलं. कितीही शेफारला तरी शेवटी आपलंच पोर.

मला वर खुर्ची मिळाली. ह्या वादकांनी लगेच मला "अंकल सायलस" म्हणायला सुरुवात केली. कुठल्या नात्याने, ते कोणी सांगेना. मी काठ्या वाजवल्या, डेल्विन निघाला, एकदम बिनचूक. विकर्सने माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं.

६ ऑगस्ट

गाणं ठरवलं. उत्तरेकडून येणाऱ्या ढगांचं, आमच्या कुळाचंच आहे, कोणाला विचारायला नको. डेल्विनकरवी सासूबाईंना कळवलं की मधे जिथे सगळे गप्प होतात आणि एकटी यिडाकी उरते, तिथे मी तीन कडवी म्हणेन.

डेल्विन सज्जात गेला. बराच वेळ लागला. परत आला तो घाम पुसत.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, गाणं फार मोठं आहे."

"मग दोन म्हणतो."

"तसं नाही मामा. मोठं म्हणजे वजनाने मोठं. म्हणाल्या, ते एकदा झालं की लोक पुढचं काही ऐकणार नाहीत, बिचारे साठ जण वाया जातील. म्हणून ह्या खेपेला नुसत्या काठ्या."

सासूबाईंना जाण आहे. मी उगाच रागावणार होतो. तरी दुपारभर काही गोड लागलं नाही. गाणाऱ्याला गाऊ दिलं नाही तर तो खुर्चीवर बसलेला एक म्हातारा, दुसरं काय?

संध्याकाळी विकर्स चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आला. चांगला माणूस आहे. कपाळावर आठ्या होत्या. म्हणाला, "अंकल सायलस, तुमच्या काठ्या जरा पुढे पळतायत. कार्यक्रमात माझ्याकडे बघत राहाल का? सारखं?"

एवढी माणसं त्याच्याकडे बघत असतात, तरी पोट भरत नाही. पण मागतोय तर बघायला काय जातं? मी म्हटलं, बघेन. आणि माझ्या जुन्या जोडीतली एक काठी त्याला देऊ केली. त्याचे डोळे पाणावले. घेतली, पण वाजवायची कशी ते विचारलं नाही.

१० ऑगस्ट

काल कार्यक्रम झाला. जसं झालं तसं लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

मी एका अंगाला तोंड करून बसलो होतो, म्हणजे सज्जाकडे नजर जायला नको. दिवे गेले. विकर्स आला, काठी उचलली. मी त्याला कबूल केलं होतं म्हणून त्याच्याकडे बघितलं आणि त्याला बरं वाटावं म्हणून हसलो. तोही थोडं हसला. तेवढ्यात यिडाकी सुरू झालेलीसुद्धा होती. मी काठ्या उचलायच्या आधी. अगदी वेळेवर, केसाचा फरक नाही, पण माझ्या आधी. घाई. पोराला समज देणार होतो.

पण मग ती मोठी व्हायोलिनं, जी पायांमध्ये धरून वाजवतात, ती यिडाकीवर येऊन बसली. त्यांच्यावर बारकी व्हायोलिनं, त्यांच्यावर ती काळ्या नळीवाली मुलगी. सगळ्यांच्या खाली डेल्विन. ह्या लोकांचं संगीत मला नेहमी उडाल्यासारखं वाटायचं, कुठे टेकतच नाही. काल ते टेकलं. एवढ्या शिकलेल्या माणसांनासुद्धा पायाखाली जमीन लागते, आणि ती जमीन माझा भाचा तोंडाने फुंकत होता, श्वास न तोडता. मला रडू आलं. काठ्या मांडीवर पडून राहिल्या, वाजवायचं सुचलंच नाही.

मग ती जागा आली. सगळे थांबले, एकटी यिडाकी. मी ठरवलं होतं की गाणार नाही. पण पाय आपोआप उभे राहिले. इतकी यिडाकी चालली असताना गप्प बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी तोंड उघडलं. ढगांची पहिली ओळ, बापाने शिकवलेली.

काही आलं नाही. वारासुद्धा नाही. तोंड उघडं आणि आत कोरडं.

डेल्विनने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याने यिडाकी एकदम उचलली, तिच्यात जंगली कुत्र्याची हाळी घातली, मग पाणपक्ष्याची, मग असा काही सूर घुमवला की सभागृहाचं छप्पर थरथरलं. मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो आणि मग खाली बसलो. कोणाच्या काही लक्षात आलं नसावं. घशाला एसी लागला होता.

११ ऑगस्ट

पेपरात आलं आहे. डेल्विनने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. "संध्याकाळचा परमोच्च क्षण तो, जेव्हा वृद्ध गायक उभा राहतो आणि त्याच्या मुखातून शब्दही फुटत नाही. एका अवघ्या समाजाचं दुःख त्या मौनात सामावलं होतं. इतकं धाडसी मौन अलीकडे रंगमंचावर ऐकलेलं नाही."

मी दोनदा वाचलं. डेल्विन खिडकीबाहेर बघत होता, त्याचे खांदे हलत होते.

"हसतोयस?"

"नाही मामा, खोकला. एसी."

दुपारी सासूबाईंचा निरोप आला. रचना परदेशात जाणार आहे. जर्मनी आणि आणखी कुठे कुठे, वर्षभर. डेल्विन तर हवाच, पण मामाही हवेत. दर कार्यक्रमात त्याच जागी उभं राहायचं, तोंड उघडायचं आणि आवाज करायचा नाही.

मी म्हटलं, "आवाज करायचाच नाही?"

"नाही. तेच त्यांना फार आवडलंय."

"आणि ह्या वेळी हे तू आपल्या मनाने बनवलेलं नाहीस?"

तो चपापला. "ह्या वेळी नाही," म्हणाला.

१६ ऑगस्ट, घरी

कुंपणापलीकडे सकाळपासून टोयोटाची शिकवणी चालू आहे. बहिणीला दौऱ्याची बातमी कोणीतरी पोचवली. जेवढं ऐकू आलं तेवढं लिहितो.

"ऐक टोयोटा. माझा पोरगा जाणार नाही म्हणतो. का, तर मामा एकटा पडेल. मामाच्या गाण्याला कोण वाजवेल? इथून जायच्या आधी रोज त्या बाईने पाठवलेला व्हिडिओ फोनवर लावून बसायचा. त्या काठीवाल्याचा हात बघून रोज बरोबर सुरू व्हायचा, एकदासुद्धा चुकला नाही. आणि तिकडे जाऊन म्हणे तीनदा चुकला. तुला पटतं का रे? मला तर पटत नाही."

कुत्र्याने शेपटी हलवली असेल. त्याला काय कळतंय?

मी वही मिटून बराच वेळ टाकीपाशी बसून राहिलो.

१९ ऑगस्ट

डेल्विनला बोलावून सांगितलं, "तू जा. मी येत नाही."

"मामा, तुम्ही नाही तर मी सुरू कसा करणार?"

"जसं त्या दिवशी केलंस. माझ्या आधी."

"मी गाणारा आहे," मी पुढे म्हटलं. "विमानात बसून परदेशात जायचं आणि तोंड उघडून उभं राहायचं? मासा आहे का मी? तू जा, विकर्सकडे बघ, तो बिचारा एकटा असतो."

"आणि इथे तुम्हाला?"

"तुझा धाकटा भाऊ आहे की. मार्कस. तो निदान शिस्तीत वाजवतो. खूण केली की थांबतो."

डेल्विन जायला उठला. मग एवढंच म्हणाला, "मामा, ती खालच्या सुराची यिडाकी मार्कसला देतो. तुम्ही नेहमी तीच घ्या. उंचावर जाऊ नका."

"तुझे ओठ दुखतात, मार्कसचे कशाला दुखतील?"

तो हसला आणि मला मिठी मारली. एवढ्या तेवढ्यावरून मिठ्या मारायची सवय डार्विनमध्ये लागली असणार.

७ सप्टेंबर

विमानाच्या पट्टीवर सोडून आलो. यिडाकी गादीच्या कापडात गुंडाळली होती, बाळासारखी. बहीण गाडीच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. विमान दिसेनासं होईपर्यंत दोघंही उभे होतो. ती टोयोटाला काहीच म्हणाली नाही. घरी येऊन चहात साखर घालायला विसरलो.

३ ऑक्टोबर

मार्कस चांगला आहे. सराव केला. नीट ऐकतो. हवा कोंदट झाली आहे, त्याचा घशावर परिणाम होतो.

२१ ऑक्टोबर

दुःखाची बातमी. पलीकडच्या वाडीतली बाई गेली, नात्याने माझी आत्या. गायचं मला आहे. ढगांचंच गाणं, तिच्या बापाचं आणि माझ्या आजोबांचं.

२५ ऑक्टोबर

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

वाळूवर सगळे बसले होते. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला झाडाखाली. मी सूर दिला, काठ्या वाजवल्या, मार्कस निघाला. पहिली कडवी बरी गेली. खालच्या सुरात होतो, डेल्विनने सांगितलं होतं म्हणून. शेवट आला. मी खूण केली. काठ्या थांबल्या.

मार्कस थांबला. जिथे थांबायला हवं तिथे, अगदी नियमाने.

मग मी एकटाच उरलो. उघडी ओळ. पहिला शब्द निघाला, दुसऱ्यावर आवाज फाटला, आणि तिसऱ्याला हवाच नव्हती. सगळ्यांनी ऐकलं. एक पोर हसलं आणि त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. ज्या जागी माझ्या बापाचा आवाज समुद्रापर्यंत जायचा, तिथे मी खोकत होतो.

त्या शांततेत मला इतक्या वर्षांची यिडाकी ऐकू आली. प्रत्येक अंत्यविधीतली. माझ्या ओळीवरून जाणारी, गाल फुगवून ओढत नेलेली, नियम मोडून. ओठ दुखतात म्हणून खाली खाली आणलेला सूर ऐकू आला. आणि मी झापत होतो तेव्हाचं "चुकलं मामा" ऐकू आलं. किती वेळा म्हणाला असेल.

मी वाळूकडे बघत बसलो. आता काय होणार ते कळेना. ओळ अर्धी टाकून उठता येत नाही, गेलेलं माणूस अर्ध्या वाटेत राहतं.

तेव्हा बायकांच्या बाजूने रडतगाणं उठलं. बायका अशा वेळी रडत रडत तीच गाणी म्हणतात, त्यांच्या सुरात. पण ते नुसतं रडणं नव्हतं. जिथे माझी ओळ तुटली होती बरोबर तिथून कोणीतरी ती उचलली. तिसरा शब्द, चौथा, शेवटपर्यंत. बापाची ओळ बापासारखी. मी मान वर केली नाही, करता येत नाही. पण तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

२६ ऑक्टोबर

दुपारी डेल्विनचा फोन आला. तिकडे म्हणे हात गोठतात, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. विकर्सने माझी काठी अजून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आहे.

मग विचारलं, "मार्कस कसा वाजवतो मामा?"

"नियमाने."

"म्हणजे शेवटी थांबतो?"

"थांबतो."

मला वाटलं फोन कटला.

"परत येऊ का?" तो म्हणाला.

"वेडा आहेस का? काम सोडून यायचं नाही." मग जे सांगायचं होतं ते काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "तुझे ओठ कसे आहेत?"

"बरे आहेत मामा."

"सांभाळ. ओठ फार चांगले आहेत तुझे."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तिकडे थंडी आहे.

फोन ठेवला आणि अंगणात आलो. बहीण तिच्या चुलीपाशी पाठ करून बसली होती. टोयोटा कुंपणाच्या भोकातून माझ्याकडे आला. आजवर मी ह्या जनावराशी एक शब्द बोललेलो नाही. इकडे तिकडे बघितलं, कोणी नव्हतं. मग जरा मोठ्यानेच म्हटलं, "टोयोटा, काल कोणीतरी ओळ पुरी केली. बापाला ऐकू गेली असेल. मला तर गेली."

चुलीपाशी हालचाल थांबली. कुत्रा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

मग तिकडून आवाज आला, "टोयोटा, खेकडे उकडलेत. कोणाला हवे असतील तर म्हणावं ताट घेऊन ये. आणि शेवटच्या ओळीची काळजी करू नको म्हणावं, आम्ही झाडाखाली बसलेल्या असतोच."

मी ताट आणायला आत गेलो.